बेचाळिसाव्या वर्षी लाठी शिकायची आहे, सुरुवात कुठून करू? (गुहागर)

खारेवारे
१४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आमच्या दारामागे एक लाठी उभी आहे. लेकीची. मे महिन्याच्या शिबिरात पंधरा दिवस फिरवली, शाळा सुरू झाली आणि लाठी दारामागे गेली. पावसाळाभर मी तिने वांदर हाकलले, पेरू पाडले. दिवाळीची झाडलोट करताना हातात आली तेव्हा अंगणात कोणी नाही असं बघून दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्याच फेरीला कोपरावर अशी बसली की डोळ्यांत पाणी आलं. पण गंमत अशी की लगेच तिसरी मारली.

मग जवळच्या एका वर्गात तीन रविवार गेले. नाव लिहीत नाही, त्यांच्या हेतूत खोट नव्हती. पण पहिल्याच दिवशी मला दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभं केलं आणि दुसऱ्या रविवारी एका हाताने फिरकी सुरू. मनगट वळेना. म्हटलं, सर, जरा सावकाश घेऊ का? तर म्हणाले, "ताई, फेब्रुवारीत मिरवणूक आहे, बायकांची एक रांग हवीय." तिसऱ्या रविवारनंतर मनगट सुजलं, दहा दिवस पोळ्या लाटता येईनात. तिथून नाव काढलं.

मला मिरवणुकीत नाचवायची नाहीये. लाठी नीट हातात यावी एवढंच. वय ४२, उंची पाच फूट एक इंच, व्यायाम म्हणाल तर विहिरीचं पाणी. लाठी केवढी हवी, आधी काय शिकायचं, एकटीने घरी शिकता येतं का? हसलात तरी चालेल, पण हसून झाल्यावर सांगा.

हापूसप्रेमी
१४ नोव्हेंबर, रात्री १०:०२

हसलो. आता सांगतो: मोबाइलवर व्हिडिओ लावा, बघत बघत फिरवा. मी तसाच शिकलो. देवगडला आमच्या मंडळात आता मीच शिकवतो.

पवित्रा_६४
१५ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

ताई, पहिले आठ दिवस लाठी दारामागेच राहू द्या.

मी रत्नागिरीकडचा, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालो. लाठी मात्र लहानपणी कोल्हापुरात मामाकडे असताना तालमीत शिकलो. तिथे वस्तादांनी आम्हाला महिनाभर काठीला हात लावू दिला नव्हता, नुसते पवित्रे. तेव्हा राग यायचा. पुढे चाळीस वर्षं पोरांना शिकवताना कळलं की लाठी हातातून सुटते ती पायामुळे. पाय अडकला की कंबर अडकते, कंबर अडकली की सगळी वळणं मनगट एकटं घेतं, आणि मग ते सुजतं. तुमचं तेच झालंय.

तुमच्याकडे अंगण आहे ना? रांगोळीने एक मोठी फुली काढा, प्रत्येक रेघ तुमच्या दोन पावलांएवढी. मधोमध उभ्या राहा. डावा पाय पुढे, उजवा मागे, अंग थोडं तिरकं, गुडघे किंचित सैल. मागच्या पायाची टाच जमिनीला टेकवायची नाही. खालून कागद सरकेल इतकीच वर. आता पुढच्या रेघेच्या टोकाला जा आणि परत मध्ये या. मग मागे, मग डावीकडे, उजवीकडे. पाय उचलून टाकायचा नाही, सरकवायचा. आणि खाली बघायचं नाही. दहा मिनिटं झाली की रांगोळी बघा: रेघा फिसकटल्या असतील तर पाय फरपटताय, आणि रेघ सोडून भलतीकडेच पावलं उमटली असतील तर तोल जातोय. रांगोळी खोटं बोलत नाही.

एवढं आठ दिवस. मग लाठीचं बोलू.

हापूसप्रेमी
१५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

काका, आठ दिवस रांगोळी? लोक कंटाळून सोडून देतील. आधी थोडी फिरकी आली की मजा येते, मग माणूस टिकतो.

पवित्रा_६४
१५ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

त्या तीन रविवारात टिकल्या का?

परळ_ते_पालशेत
१५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

ताई, गाववाले निघालो की आपण! मूळ गाव पालशेत, पोटासाठी परळ. बारा वर्षं कराटे आणि त्यासोबत ओकिनावाचा बो केला. बो म्हणजे त्यांची लांब काठी, माप सहा शाकु. एक शाकु साधारण ३०.३ सेंटिमीटर, म्हणजे काठी १८२ सेंटिमीटर, आपल्या सहा फुटांएवढी. तिकडे जो नावाचा धाकटा भाऊही आहे, १२८ सेंटिमीटरच्या आसपास.

तुमच्या लाठीची लांबी आणि वजन आधी मोजा. नवशिक्याचं अर्धं दुखणं तिथेच असतं. काठी मधोमध धरून फिरवताना किती जोर लागतो हे नुसत्या वजनावर ठरत नाही, लांबीवर फार ठरतं. जाडी सारखी धरली तर तो जोर लांबीच्या घनाने वाढतो. पाच फुटी काठी आणि सहा फुटी काठी यांत लांबीचा फरक एका फुटाचा, पण फिरवायला सहा फुटी जवळजवळ पावणेदोन पट जड. उलट सहा फुटीचे नुसते सहा इंच कापले तरी भार चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. म्हणून पोरांच्या हातात मोठ्यांच्या लाठ्या दिल्या की ती काठी फिरवत नाहीत, काठी त्यांना फिरवते.

माप म्हणाल तर तमिळनाडूच्या सिलंबममध्ये जमिनीपासून कपाळापर्यंत काठी घेतात. तुम्हाला ते बरोबर बसेल.

पवित्रा_६४
१५ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

आम्ही कानाच्या पाळीपर्यंत घेतो. पण कपाळापर्यंत चालेल, भांडत नाही. बाकी घरात लाठी असताना ओकिनावाला कशाला जायचं, हे मला कळलं नाही.

परळ_ते_पालशेत
१५ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

सर, मला परळमध्ये जे शिकवणारे भेटले ते मी शिकलो. लाठीवाले भेटले असते तर लाठी शिकलो असतो. आणि एक फरक प्रामाणिकपणे सांगतो. बोमध्ये फिरकी जवळपास नाहीच. एक हात काठी धरून असतो, दुसऱ्यातून ती सरकते, आणि प्रत्येक मार दिलेल्या जागी थांबतो. आपल्याकडे फिरकीचं इतकं कौतुक होतं की मार कुठे संपतो हेच बघणाऱ्याला कळत नाही.

पवित्रा_६४
१५ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

हे मात्र खरं. ते मिरवणुकीने केलं. फिरकी होतीच, चहूबाजूंनी माणसं आली तर त्यांना लांब ठेवायला. पण ती लढतीचा एक भाग होती, तीच लढत नव्हती. बरं, ओकिनावा मागे घेतो.

हापूसप्रेमी
१५ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

आपल्या सरकारने लाठीला राज्यशस्त्र केलंय ना पण?

पवित्रा_६४
१५ नोव्हेंबर, दुपारी ४:४१

दांडपट्टा. २०२४ साली. लाठीला कोणी काही केलेलं नाही, ती बिचारी दारामागेच आहे. पण ती कुठवर जाऊन आली तेही ऐकून ठेव: १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक झालं तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक आपले देशी खेळ दाखवायला तिकडे गेलं होतं.

खारेवारे
१६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

लाठी मोजली. सहा फूट एक इंच! वाण्याच्या काट्यावर ठेवली तर ९४० ग्रॅम. ही दहा वर्षांच्या मुलीला दिली होती. मला आता लेकीचा राग येत नाहीये, शिबिराचा येतोय.

कापायची तर कुठून कापू? आणि रांगोळीची फुली सुरू केली आहे. सासूबाई पडवीतून बघतायत. काल विचारलं, "हे कुठलं व्रत गो?"

माणगावाला
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

ताईनूं, थांबा, कापू नका घाईन! मी कुडाळकडचो, बांबू हाच आमचो धंदो. मालवणीत लिवलंय तर सगळ्यांका कळाचा नाय, म्हणून पुढे शुद्धात लिहितो.

आधी लाठीचं बूड आणि शेंडा ओळखा. जाड बाजू ती बूड. कापायचं बुडाकडून, वजन तिथेच जास्त असतं. आणि जिथे गाठ आहे तिच्या बाहेर अर्धा बोट ठेवून कापा. टोकाला गाठ राहिली पाहिजे. दोन गाठींच्या मध्ये कापलात तर टोक उघडं पडतं आणि चिऱ्यावर एकदा आपटलं की उभी चीर जाते. बारीक दातांची करवत घ्या, कापण्याआधी त्या जागेवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे साल उचलत नाही. टोक कानशीने गोल करा.

नवीन हवी असेल तर माणगा घ्या. सिंधुदुर्गात बांधाबांधावर असतो, काटे नाहीत, आणि बुडाकडचा भाग भरीव. कळक घेऊ नका, तो जाड आणि पोकळ, मांडवाला बरा. काठी तीन वर्षं झालेल्या बांबूची हवी. कोवळा बांबू हिरवागार, अंगावर पांढरी भुकटी असलेला. तो वाळला की आक्रसतो आणि वाकतो. जून बांबूचा रंग मंद होतो, अंगावर दगडफुलासारखे डाग येतात, बोटाने वाजवला की आवाज टणक येतो.

तोडायचा पावसाळा संपल्यावर. पावसात नवे कोंब येतात, तेव्हा बेटाला हात लावायचा नाही. आमचे वडील अमावास्येशिवाय कोयता उचलत नाहीत. मला त्यातलं कळत नाही. एवढं मात्र कळतं की बांबूतल्या पिठूळ सत्त्वाला भुंगा लागतो, आणि ते सत्त्व थंडीत कमी असतं. तोडल्यावर काठ्या दोन-तीन आठवडे व्हाळाच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. पाण्याला घाण वास येतो, येऊ दे, तेच बाहेर पडायला हवं. मग महिनाभर सावलीत. उन्हात टाकली की फुटलीच म्हणून समजा. वाकडी निघाली तर निखाऱ्यावर धग देऊन, ओल्या फडक्याने पुसत, गुडघ्यावर सरळ करायची. हे काम बघायला सोपं वाटतं, पहिल्या दहा काठ्या मी जाळल्या आहेत.

लाठीखाली पिठासारखी पिवळट पूड पडलेली दिसली तर आत भुंगा आहे. ती फिरवू नका, मधेच तुटते.

खारेवारे
१६ नोव्हेंबर, रात्री ९:५८

पूड नाही. हुश्श. तेल कुठलं लावू? घरात खोबरेल आहे.

माणगावाला
१६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

खोबरेल नको, सुकत नाही, हात निसटतो. जवसाचं तेल, फडक्यावर चार थेंब, चोळून दोन दिवस वाळू द्या. करंजेलही चालतं, भुंगा लांब राहतो, पण वास घरच्यांना सोसला पाहिजे. व्हार्निश अजिबात नको, घामाने बुळबुळीत होतं.

मनगट
१७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

चिपळूणला फिजिओथेरपी करते, म्हणून नाव असं. लाठीतलं मला कळत नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याकडे लाठी, ढोल आणि ताशा तिन्ही येतात.

ताई, सूज अंगठ्याच्या बाजूला होती का? मूठ वळून अंगठा आत घेतल्यावर आणि मनगट करंगळीकडे झुकवल्यावर कळ येत असेल तर अजून फिरकीचं नावही काढू नका, आणि एकदा कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. नसेल तर हळूहळू सुरू करा. दिवसाला दहा मिनिटं, एक दिवस सोडून. लोक चुकतात ते पकडीत: भीतीने काठी आवळून धरतात, मग कोपरापर्यंतचे स्नायू सतत ताणलेले. न्हाणीघरात ओला साबण जसा धरतो तशी धरा, आवळला की निसटतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट धरणारं, बाकीची नुसती सोबतीला.

तळहाताला फोड आले तर फोडू नका. आणि दुखतंय त्यावर "सवय होईल" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. स्नायू भरून येणं वेगळं, सांध्यात कळ येणं वेगळं.

दर्याकाठची
१७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

अलिबागहून. मी ३६व्या वर्षी सुरू केलं, आता चार वर्षं झाली. कोणी सांगणार नाही ते मी सांगते.

मंगळसूत्र काढून ठेवा किंवा आत खोचून वर पिन लावा. माझं काठीत अडकून तुटलं, मणी वाळूत गेले, अर्धा तास शोधत बसले. बांगड्या काढा. ओढणी नको, साडी तर नकोच. चष्मा असेल तर मागे दोरी. केस वर बांधा, वेणी नको, वेणी फिरकीत येते. हो, आलेली आहे.

जागा: अंगणात वर बघा. विजेची तार, कपड्यांची दोरी, माडाची झावळी. हात वर करून लाठी धरा आणि स्वतःभोवती फिरा, कुठेच लागता कामा नये. आणि तुमच्याकडे तर समुद्र आहे! वाळूत पोटऱ्या लवकर भरतात पण पडलात तर लागत नाही आणि लाठीचं टोक आपटून फुटत नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र पवित्रा घेऊ नका, पाय रुततो आणि गुडघा वळतो. पाणी नुकतंच मागे गेलेली ओली, घट्ट वाळू हवी.

त्यासाठी वेळ बघून जा. कोळ्यांचा हिशोब माहीत असेलच: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, संध्याकाळी जाऊन उपयोग नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सहाला ओहोटी. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी लांबवर जातं आणि ओली वाळू मैदानासारखी. मी महिन्यातले ते चार-पाच दिवस राखूनच ठेवते.

पवित्रा_६४
२४ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

आठ दिवस झाले. ताई, रांगोळी कशी आहे?

खारेवारे
२४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पहिले तीन दिवस फुलीची पार भाकरी झाली होती. काल पहिल्यांदा चारही रेघा ओळखू येत होत्या. सासूबाईंनी काल स्वतःहून सांगितलं की त्यांच्या माहेरी शिमग्याला पालखीपुढे पुरुष काठ्या खेळायचे. म्हणाल्या, त्यातला एक म्हातारा होता, तो कधी काठी फिरवायचाच नाही, नुसता उभा राहायचा आणि कोणी अंगावर आलं की बाजूला व्हायचा. पोरं त्याला हात लावू शकायची नाहीत. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि त्या उभं राहून पाय कसा सरकवायचा ते दाखवत होत्या, पदर खोचून.

लाठी कापली. चार फूट दहा इंच, टोकाला गाठ ठेवून. आता ७०० ग्रॅम भरते. हातात घेतली तर दुसरीच कोणीतरी वाटली. अंगठ्याची ती चाचणी केली, कळ नाही.

पवित्रा_६४
२५ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

आता लाठी घ्या. बुडापासून एक वीत सोडून डावा हात, त्याच्यापुढे दीड वीत अंतरावर उजवा. एकच हात शिकायचा, शिर. (नवीन लोकांसाठी: लाठीत माराला हातच म्हणतात.) वरून सरळ, समोरच्याच्या डोक्यावर येणारा.

आता यातली मेख. तो मार जमिनीपर्यंत न्यायचा नाही, समोरच्याच्या कपाळाच्या उंचीवर थांबवायचा. आंब्याच्या फांदीला काथ्याची दोरी बांधा, टोकाला फडक्याची गाठ, ती तुमच्या कपाळाच्या उंचीला. मार असा यावा की लाठी गाठीला टेकेल, गाठ हलेल पण झुलणार नाही. झुलली म्हणजे थांबवता आलं नाही. मारता कोणालाही येतं. ज्याला थांबवता येत नाही त्याच्यासमोर मी माझी पोरं कधी उभी केली नाहीत.

रोज पन्नास. पाऊल आधी, लाठी मागून. पाऊल टेकलं की लाठी पोचली पाहिजे. उजव्याने पन्नास झाले की हात बदलून डाव्याने. डावा कंटाळा करेल, करू द्या.

हापूसप्रेमी
२५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

काका, सहज म्हणून दोरी बांधून बघितली. माझी गाठ फांदीवर जाऊन अडकली. 😐

पवित्रा_६४
२५ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

मंडळात शिकवतोस ना रे?

हापूसप्रेमी
२५ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

तेच म्हणतोय. बोलू नका आता.

खारेवारे
१९ डिसेंबर, रात्री १०:००

मोठी बातमी. बागेतल्या नळाची तोटी उडवली. डाव्या हाताने शिर मारताना पाऊल चुकलं, लाठी वाकडी आली आणि थेट नळ. अख्खी टाकी रिकामी झाली, पोफळींना आयतं पाणी. नवऱ्याने प्लंबरला फोन करताना काय झालं म्हणून सांगितलं ते मी लिहीत नाही.

पण लाठीला चीरसुद्धा नाही. आणि गाठ दहात सहा वेळा हलते पण झुलत नाही, डाव्याने दहात दोन.

एक विचारायचं होतं. पन्नास मारांत पहिले वीस बरे जातात, मग खांदे कानाला लागतात. का?

परळ_ते_पालशेत
१९ डिसेंबर, रात्री १०:२०

श्वास कोंडत असणार. मार उतरताना सोडा, तोंडाने, आवाज करून. आणि वीसलाच थांबा. वीस चांगले मारून थांबलात तर अंगात ते वीस राहतात, पन्नास मारलेत तर शेवटचे तीस वाईट राहतात. सर पन्नास म्हणालेत ते तालमीतल्या पोरांना.

पवित्रा_६४
२० डिसेंबर, सकाळी ६:०५

वीस मान्य. माझी चूक. शाळेच्या सवयीने आकडा लिहिला.

खारेवारे
१२ जानेवारी, रात्री ९:२०

आता पुढे काय? शिर बरा जातोय. समोर कोणी नाही. नवऱ्याला उभं केलं तर तो हसतो.

पवित्रा_६४
१३ जानेवारी, सकाळी ६:३०

तमाचा आणि बाहेरा. उजव्या हाताने थप्पड मारली तर समोरच्याच्या डाव्या गालावर बसते, ती वाट म्हणजे तमाचा. तीच उलट्या बाजूने आली की बाहेरा. त्यानंतर कमर. आमच्या तालमीतली ही नावं, दुसरीकडे वेगळी असतील, वाटा त्याच. हे तीन झाले की शिर धरून चार हात झाले, आणि चार हातांत सहा महिने सहज जातात. फिरकी त्यानंतर, ती या वाटांतूनच निघते. तमाचा न थांबवता बाहेऱ्यात गेला की फिरकी झालीच. वेगळी शिकावी लागत नाही.

समोर माणूस घेताना मात्र बांबू नको. एसीच्या पाइपवरचं काळं फोम मिळतं, ते बारीक वेताच्या काठीवर चढवा. नुसता प्लास्टिकचा पाइप नको, फुटला की धार निघते. डोळ्यांना चष्मा, आणि मार खांद्याच्या खाली. पहिले काही दिवस एकाने मारायचं, दुसऱ्याने फक्त मागे सरकायचं, अडवायचं नाही. अडवण्याआधी अंतर कळायला हवं.

नवरा हसत असेल तर त्याला अडवायचं नाही, सरकायचं, हे काम द्या. दोन मिनिटांत हसणं थांबतं.

दर्याकाठची
१३ जानेवारी, दुपारी १२:५०

थांबतं. अनुभव आहे.

खारेवारे
२२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

माणगावाला, काठ्या पोचल्या! तीन, एकदम सरळ, बुडाला जड पण बेताच्या. एसटीतून आल्या. कंडक्टरने त्या घेऊन येणाऱ्या आमच्या भाच्याला विचारलं म्हणे, "मोर्चा खंय हा?" काठ्यांचे पैसे पाठवलेत, बघा.

त्या वर्गाची मिरवणूक १९ तारखेला झाली. बघायला गेले होते. बायकांची रांग होती, सात जणी, छान फिरवत होत्या. त्यातल्या दोघी नंतर भेटल्या, एकीचं मनगट बांधलेलं. तिला मी फुलीबद्दल सांगितलं. त्या दोघी परवापासून अंगणात येतायत. म्हणजे आता आम्ही तिघी, आणि पडवीत सासूबाई. त्या रेघ बघतात आणि "पाय!" म्हणून ओरडतात.

आता तिथीची शिवजयंती आणि शिमगा एकात एक येणार, गावात सगळीकडे पालखी, कोणालाच वेळ नाही. पौर्णिमेची ओहोटी होळीच्या होमात गेली. म्हणून ठरवलंय की फाल्गुन अमावास्येला, पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गुहागरच्या वाळूवर. ज्यांना जमेल त्यांनी या. सर, तुम्ही आलात तर रांगोळीऐवजी वाळूत फुली काढून देईन.

पवित्रा_६४
२३ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

येतो. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलो की तिथून तुमच्याकडे यायला गाडी मिळेल ना?

परळ_ते_पालशेत
२३ फेब्रुवारी, सकाळी ११:००

सर, मी पाडव्याला गावीच आहे, बाइक घेऊन तवसाळला येतो तुम्हाला न्यायला. बो आणू का?

पवित्रा_६४
२३ फेब्रुवारी, सकाळी ११:०४

आण. बघू तरी तो सरकता हात.

हापूसप्रेमी
२३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मी देवगडहून येतोय. दोरी आणि फडकं घेऊन. दहात पाच.

माणगावाला
२३ फेब्रुवारी, रात्री ८:१५

पैशे मेळले. पण माका येवक जमाचा नाय. अमावास्या ना ती? ह्या मोसमातली शेवटची तोड, बापूस कोयतो घेवन तयार आसा.